प्राथमिक शाळेतील गणित आणि सचेतन चित्रफिती

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाचे औचित्य साधून परिसरातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना मोठ्या पडद्याचे दूरदर्शन संच भेट द्यावेत आणि त्यांवर गणिताच्या सचेतन, म्हणजे ज्यांना आपण ॲनिमेशन म्हणतो त्या चित्रफिती दाखवल्या जाव्यात, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. त्या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापडाचा व्यापारी. शिक्षणशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु दुकानात माल भरण्यापूर्वी तो उलगडून, उजेडात धरून पाहावा, ही सवय चाळीस वर्षांची आहे. गेले काही महिने हा मालही मी तसाच पाहिला. शाळांत जाऊन मागच्या ओळीत बसलो, शिक्षकांशी बोललो, जमेल तेवढे वाचले. माझे मत आरंभीच सांगतो. संच अवश्य द्यावेत. मात्र जेवढ्या शाळा ठरल्या आहेत त्यांच्या निम्म्याच शाळांना द्यावेत. उरलेल्या रकमेचे काय करावे, ते ओघाने येईलच.

प्रश्न किती गंभीर आहे, हे प्रथम पाहू. 'प्रथम' ही संस्था 'असर' नावाने ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करते. २०२४ च्या पाहणीनुसार देशातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे ३३.७ टक्के मुलांना हातच्याची वजाबाकी येत होती, आणि पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होते. म्हणजे पाचवीच्या दहा मुलांपैकी सात मुले भागाकाराशी अडलेली. यात बड्या घरची मुले फारशी नाहीत. आपल्या दुकानांत, आडतीवर, जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांची ही मुले आहेत. हीच मुले उद्या आपल्या गल्ल्याशी उभी राहणार आहेत, किंवा गल्ल्यापलीकडे उभी राहून आपण देऊ तो हिशेब मुकाट्याने मान्य करणार आहेत. दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. ज्याला हिशेब येत नाही त्याला कोणीही फसवू शकतो, आणि सावकारीच्या कागदावर त्याचा अंगठा घेणे सोपे असते.

आता चित्रफितीकडे वळू. गणितातील पुष्कळ गोष्टी मुळात हालचालीच्या आहेत. पुस्तकाच्या पानावर मात्र त्या स्थिर होऊन बसतात. हातच्याची वजाबाकी घ्या. दशकाचा एक गठ्ठा सुटतो, त्याचे दहा सुटे होतात, ते एककाच्या घरात जाऊन बसतात. पुस्तकात याची खूण काय, तर एक अंक खोडून वर बारीक दुसरा अंक लिहिलेला. मुलाला ती खाडाखोड दिसते, गठ्ठा सुटताना दिसत नाही. चित्रफितीत तो डोळ्यांदेखत सुटतो. कोन म्हणजे दोन रेघांमधली जागा नसून एका रेघेचे वळणे आहे, हेही हलत्या चित्रात एका क्षणात समजते. अपूर्णांकांचे तसेच. एक पट्टी चार ठिकाणी दुमडते, त्याच पट्टीच्या पुन्हा आठ घड्या होतात, आणि दोन अष्टमांश बरोबर एक चतुर्थांशावर जाऊन बसतात. घडी घालणे हा आम्हा कापडवाल्यांचा रोजचा उद्योग असल्याने ते दृश्य पाहून मला विशेष आनंद झाला.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत वॉल्ट डिस्नेच्या संस्थेने १९५९ साली 'डोनाल्ड इन मॅथमॅजिक लँड' हा गणितावरील सचेतनपट काढला होता. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली 'एक अनेक और एकता' हा छोटा चित्रपट काढला. तो मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला होता. दूरदर्शनवर तो इतक्या वेळा दाखवला गेला की आज पन्नाशीच्या आसपास असलेल्यांना तो तोंडपाठ असेल. त्याचा विषय राष्ट्रीय एकात्मता. पण एक आणि अनेक यांतला फरक, म्हणजे मोजण्याची पहिली पायरी, तो किती सहज शिकवून जातो! चित्रे साधी, रेषा साध्या, वेग मुलांना झेपेल असा. आजच्या कित्येक झगमगीत चित्रफितींना हे साधत नाही.

मराठीपुरते बोलायचे तर पुण्याच्या 'बालचित्रवाणी'चे स्मरण करावेच लागेल. इन्सॅट उपग्रहाच्या शैक्षणिक दूरदर्शन योजनेत सहा राज्यांत शैक्षणिक कार्यक्रम बनवणाऱ्या संस्था उभारण्यात आल्या. त्यांपैकी महाराष्ट्रातील ही संस्था १९८४ साली सुरू झाली. मराठी मुलांसाठी, मराठी पाठ्यक्रमावर, मराठीत विचार करून बनवलेले कार्यक्रम ती देत असे. पुढे केंद्राचे अनुदान थांबले, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ साली ती बंद झाली. गंमत पाहा, ज्या काळात घरोघरी मोबाइल आला, चित्रफीत पाहणे फुकटासारखे झाले, नेमक्या त्याच काळात मराठी मुलांसाठी ती बनवणारी आपली संस्था मिटली. माल पोहोचवणाऱ्या गाड्या वाढल्या आणि माग बंद पडले, असे हे झाले.

अर्थात काम थांबले असे नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यासारख्या लहानशा वस्तीवरील शाळा डिजिटल झाली आणि पुढे लोकवर्गणीतून राज्यभर तसे प्रयत्न झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्याला ध्वनिफिती, चित्रफिती जोडल्या. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाला आणि त्यांतील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून टाकली. आपण दानाच्या गोष्टी करतो म्हणून हा तपशील मुद्दाम सांगितला. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या 'दीक्षा' मंचाशी बालभारतीची पुस्तकेही क्यूआर कोडने जोडली गेली. तेव्हा चित्रफिती मिळत नाहीत ही अडचण उरलेली नाही. उलट इतक्या मिळतात, की निवडायच्या कोणी, हाच प्रश्न आहे.

आता शाळेत मी काय पाहिले ते सांगतो. आपल्या तालुक्यातील एका शाळेत तिसरीच्या वर्गाला हातच्याच्या वजाबाकीची चित्रफीत दाखवली. फीत उत्तम होती. गठ्ठे सुटत होते, काड्या टुणटुण उड्या मारत होत्या, मागे वाद्ये वाजत होती. मुले खूश. शेवटी पडद्यावरच्या बाईंनी विचारले, समजले का? सगळ्या वर्गाने छप्पर उडेल असा होकार दिला. मग वर्गशिक्षिकेने फळ्यावर ५२ वजा २७ लिहिले आणि पाट्या काढायला सांगितल्या. निम्म्याहून अधिक पाट्यांवर उत्तर ३५ होते. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वर-खाली न पाहता मोठ्यातून धाकटा वजा केलेला. पाच मिनिटांपूर्वी काड्यांच्या उड्या पाहून टाळ्या वाजवणारी हीच मुले.

त्या शिक्षिका मुळीच विचलित झाल्या नाहीत. त्यांनी कपाटातून काड्यांचे गठ्ठे काढले, दोघा-दोघांत वाटले आणि तीच फीत पुन्हा लावली. या वेळी आवाज बंद केला. पहिला गठ्ठा सुटण्याच्या बेतात आला तशी फीत थांबवली. "आता काय होईल?" म्हणून विचारले. मुलांनी आधी आपल्या हातातला गठ्ठा सोडला, सुटे मोजले, बारा झाले म्हणून सांगितले, आणि मगच पडदा पुढे सरकला. दोन मिनिटांच्या फितीला वीस मिनिटे लागली. त्यानंतर पाट्यांवर २५ दिसू लागले. सगळ्यांच्या नव्हे, पण तीन-चार मुले सोडली तर बाकीच्यांच्या. फीत तीच, पडदा तोच. फरक पडला तो थांबण्याने आणि हातातल्या काड्यांनी.

जाणत्या संशोधकांनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितले आहे. २००२ साली बार्बरा ट्वेर्स्की आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन असे मांडले, की हलते चित्र चांगल्या स्थिर चित्रापेक्षा सरस ठरतेच असे नाही. ते नजरेसमोरून भरभर निघून जाते आणि नेमके काय बदलले हे पाहणाऱ्याला टिपता येत नाही. पुढे २००७ साली जर्मनीतील दोन अभ्यासकांनी २६ अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा हलत्या चित्रांचा मध्यम प्रमाणात लाभ दिसला. विशेषतः एखादी कृती कशी करावी हे शिकवायचे असेल तेथे तो अधिक होता. कॅलिफोर्नियातील रिचर्ड मायर यांनी या विषयावर आयुष्य वेचले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की शब्द आणि चित्र एकाच क्षणी यावेत, अनावश्यक सजावट गाळावी आणि शिकणाऱ्याला आपल्या गतीने तुकड्या-तुकड्याने पुढे जाता यावे. नाचणारी अस्वले आणि वाद्यांचा गजर मुलाचे लक्ष गणितावरून उडवतात. आमच्या धंद्यात यालाच, जर इतकी की पोतच दिसत नाही, असे म्हणतात.

शब्द आणि चित्र एकाच क्षणी यावेत, हा मुद्दा मराठी मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो. आपण २७ लिहितो तेव्हा आधी दोन, मग सात. पण म्हणतो 'सत्तावीस', म्हणजे सात आधी आणि वीस नंतर. म्हणूनच लहान मूल ऐकून ७२ लिहून मोकळे होते. त्यात 'एकोणतीस' हा आणखी वेगळा प्रकार. शब्दात तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला, तो आपणांस आठवत असेल. विधिमंडळापर्यंत चर्चा गेली, विनोदांना ऊत आला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे बाजू मांडली, की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले अडतात. नवे वाचन त्यांच्या सोयीसाठी आहे. २०२३ साली त्या निवर्तल्या. भाषेच्या सौंदर्याविषयी मतभेद असू शकतात. मलाही 'सत्त्याण्णव' या शब्दाचा लळा आहे. पण अडचण खरी आहे, हे त्यांच्या टीकाकारांपैकी फार थोड्यांनी मान्य केले, याचे मला वाईट वाटते.

आता या अडचणीत परभाषेतून आलेली चित्रफीत काय भर घालते ते पाहा. मूळ फीत इंग्रजीतली. तेथे 'ट्वेंटी' म्हणताना पडद्यावर दोन दशक येतात, 'सेव्हन' म्हणताना सात सुटे येतात. कान आणि डोळा एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकतात. त्याच फितीवर नुसता मराठी आवाज चढवला, की पडद्यावर आधी दशक येत असतात आणि कानावर आधी 'सत्ता' पडते, मग 'वीस'. भाषांतर अचूक, उच्चार शुद्ध. तरी मूल गोंधळते, आणि का गोंधळले हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. मापे एकाची आणि अंगरखा दुसऱ्याचा, अशी ही गत आहे. मराठीत विचार करून बनवलेली फीत प्रथम सात सुटे दाखवील, मग वीस. आणि त्यानंतर दशकाला डावीकडच्या घरात नेऊन बसवील. 'एकोणतीस' दाखवताना तिसांची माळ दाखवून त्यातला एक मणी काढून घेईल. मग 'एकोण' हा शब्द पाठ करावा लागणार नाही. तो दिसेल.

हा एक उणे करण्याचा विचार आपल्या व्यवहारात किती मुरलेला आहे! माझे वडील निजामाच्या राजवटीत शिकले. शाळा उर्दू, गल्ल्यावरचे बोलणे मिश्र. पण हिशेब मराठी पाढ्यांत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी त्यांच्या जिभेवर असत. गिऱ्हाइकाने पावणेतीन मीटर कापड घेतले आणि दर १२० रुपये असला, तर ते तीनाचे ३६० धरून त्यांतले पावाचे ३० वजा करीत आणि ३३० म्हणून मोकळे होत. १९५६ च्या कायद्यानंतर गज-वार जाऊन मीटर आला, तरी ही रीत राहिली. हल्ली दुकानात येणारी तरुण मुले चलाख आहेत, कष्टाळू आहेत. पण पावणेतीन मीटरसाठी त्यांचा हात गणकयंत्राकडे जातो, आणि एखादे वेळी यंत्राने ३३०० दाखवले तरी त्यांना शंका येत नाही. यंत्र वापरण्याला माझा विरोध नाही. उत्तर साधारण किती यायला हवे, याचा अंदाज मात्र मनात असला पाहिजे. पाऊणकी पुन्हा घोकून घ्या असे मी म्हणणार नाही. एका लांब कापडाच्या पट्टीचा चौथा भाग मागे दुमडतो, एवढे जरी पडद्यावर दिसले आणि मुलाने स्वतः दुमडून पाहिले, तर ते पुरे आहे.

आणखी एक उदाहरण. बारा मीटरच्या ताग्यातून ८० सेंटीमीटरचे ब्लाउज पीस किती निघतील? पाचवीतल्या मुलांना विचारा. पुष्कळ मुले बारापेक्षा लहान आकडा सांगतात, कारण भागाकार म्हणजे कमी होणे, असे त्यांच्या मनात बसलेले असते. उत्तर पंधरा. दर चार मीटरला पाच पीस, हे हलत्या चित्रात विलक्षण सुंदर दिसेल. पण त्यासाठी अस्वल नको, आपला तागाच हवा.

नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. आपला मराठवाडा त्या राज्याचाच भाग होता. त्यांच्या उदाहरणांत तुटलेल्या हाराचे विखुरलेले मोती येतात, फळांचे ढीग येतात. आकड्याला चित्राची जोड द्यावी, हे आचार्यांना ठाऊक होते. फक्त ते चित्र विद्यार्थ्याने आपल्या मनात उभे करायचे होते. आजच्या फितीने मुलाचे हे काम हिरावून घेऊ नये, एवढीच माझी अपेक्षा. २०२० च्या टाळेबंदीत 'एमकेसीएल नॉलेज फाउंडेशन'ची 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवर लागत असे. तिच्यात घरातल्याच वस्तू घेऊन मुलांना काहीतरी करायला लावीत. ती मला म्हणूनच आवडली. पडदा मध्येच मुलाला उठवत होता.

आता प्रस्तावाविषयी. दूरदर्शन संच हा एकदा होणारा खर्च आहे. विजेचे बिल दर महिन्याला येते. वीज तोडल्यामुळे धूळ खात पडलेले संच मी स्वतः पाहिले आहेत. त्यात शाळांचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्यांच्या हाती सादिलवार खर्चाला मिळते ती रक्कम फारच थोडी असते. म्हणून ज्या शाळेला संच द्यायचा, तिच्या त्या संचापुरत्या विजेची, इन्व्हर्टरची आणि दुरुस्तीची पाच वर्षांची तरतूद आपण बँकेत वेगळी ठेवावी. दोन खर्चांचा ताळमेळ घातला, तर शाळा निम्म्या होतात. हे मी आकडेमोड करूनच म्हणतो. प्रत्येक संचासोबत शंभर मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे आणि कापडी पट्ट्या सर्व मुलांना पुरतील इतक्या द्याव्यात. संचाच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. पण यादीत ती सर्वांत वर असावी.

राहिलेल्या पैशांतून आपल्याच जिल्ह्यातील शिक्षकांना हाताशी धरून लहान-लहान फिती बनवून घ्याव्यात. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड या भागांत मोबाइलवर उत्तम चित्रफिती बनवणारे शिक्षक आहेत. सुटीत दहा-बारा शिक्षक एकत्र बसले, एखादा ॲनिमेशन जाणणारा तरुण सोबत दिला, तर वर्षाकाठी तीस-चाळीस फिती सहज होतील. फीत तीन मिनिटांपेक्षा मोठी नसावी. दर अर्ध्या मिनिटाला ती आपणहून थांबावी आणि मुलांपुढे प्रश्न यावा. मराठी संख्यानामे बोलली जातील त्याच क्रमाने चित्रे यावीत. कापूस वेचणीची झोळी, बाजारातला तराजू, गोदावरीवरचा पूल, कापडाचा तागा हे सर्व तिच्यात असावे. आणि एक विनंती हात जोडून करतो. फितीच्या प्रारंभी देणगीदारांची नावे फिरवू नयेत. तीन मिनिटांतले अर्धे मिनिट आपल्या नावांनी खाल्ले, तर मूल आपली आडनावे तेवढी मोजायला शिकेल.

काही तरुण विश्वस्तांचे म्हणणे असे, की निम्म्या शाळांना वगळणे बरे दिसणार नाही, वर्तमानपत्रात आकडा मोठा हवा. त्यांची भावना मी समजू शकतो. सुवर्णमहोत्सव पुन्हा येणार नाही. तरी त्यांनी माझ्यासोबत एक दिवस त्या तिसरीच्या वर्गात येऊन बसावे, मागच्या ओळीत, आणि पाट्या पाहाव्यात. त्यानंतर सर्वसाधारण सभेत ते जे मत देतील ते मला मान्य राहील.

कापडी पट्ट्यांपुरते सांगायचे तर त्यासाठी संस्थेच्या ठरावाची गरज नाही. दुकानात शिलकी तुकडे आहेत. एक मीटर लांबीच्या, पाव, अर्धा आणि पाऊण भागावर रंगीत दोऱ्याची खूण घातलेल्या पट्ट्या शिंप्याकडे शिवायला टाकल्या आहेत. पहिला गठ्ठा येत्या सोमवारी त्या शाळेत पोहोचेल. ज्या व्यापारी बंधूंकडे सुती तुकडे पडून असतील त्यांनी माझ्याकडे पाठवावेत. सिंथेटिक नको, त्याची घडी बसत नाही.

जय जिनेंद्र.